आकारणी कोणाची, राग कोणावर?

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर दौंड तालुक्यातील पाटस हे गाव लागते. येथे टोलनाका आहे, लोहमार्गाचे स्थानक आहे आणि भीमा सहकारी साखर कारखानाही आहे. दौंडचे जंक्शन येथून जवळ. एका अंगास केडगाव, दुसऱ्या अंगास सुपे आणि भीमा ओलांडली की शिरूर तालुका. हा सारा टापू मूळचा अवर्षणाचा. जेथे कालव्याचे पाणी पोहोचले तेथे ऊस उभा राहिला. जेथे पोहोचले नाही तेथे ज्वारी-बाजरी आणि मजुरी. सरकारी वसुली आणि कष्टकऱ्यांचा असंतोष यांचे नाते समजून घ्यावयाचे असेल, तर या पंचक्रोशीचा इतिहास एकदा लक्षपूर्वक वाचावा. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जो उठाव झाला, तो पुढे ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखला गेला. मे २०२५ मध्ये त्या घटनेस दीडशे वर्षे पूर्ण झाली. परंतु तिच्यातून घ्यावयाचा धडा आपण पुरता घेतला आहे, असे म्हणवत नाही.

त्या दिवशी सुप्याचा बाजार होता. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. मागणी एकच होती: वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा. कागद हाती पडले ते जाळण्यात आले. धान्याची आणि कापडाची दुकाने लुटली गेली. एका दिवसाच्या आत केडगावच्या बाजूस एका सावकाराचे घर आणि गंजी पेटल्या. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे जिल्ह्यातून नगर जिल्ह्यात गेले आणि तीसहून अधिक गावांत पोहोचले. लष्कर बोलवावे लागले. ९५१ माणसांना अटक झाली. माणसांना जीवे मारण्याकडे या जमावाचा कल नव्हता, कागद नष्ट करण्याकडे होता, ही गोष्ट त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही मान्य करावी लागली.

सुप्याच्या आधी काही महिने शिरूर तालुक्यातील करडे या गावी याची सुरुवात झाली होती. १८७४ च्या अखेरीस तेथील एका सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाच्या घरावर टाच आणली, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यावयाचा नाही, त्यांची शेती करावयाची नाही, त्यांना न्हाव्याची, धोब्याची, पाणक्याची सेवा मिळू द्यावयाची नाही, असे ठरले. हा सनदशीर म्हणावा असाच मार्ग होता. तो निष्फळ ठरू लागला तेव्हा सुपे पेटले.

साखळीचे वरचे टोक

येथपर्यंतचा इतिहास शालेय पुस्तकांतून अनेकांनी वाचलेला असतो. सावकार निर्दय होता, शेतकरी अडाणी होता, म्हणून दंगा झाला, अशी त्याची सोपी मांडणी केली जाते. सावकार निर्दय होता हे खरेच आहे. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये हा त्यामागील हेतू होता. सावकाराने त्यातून उलटाच मार्ग काढला. तीन वर्षे होताच थकलेले व्याज मुद्दलात घालावयाचे आणि नवा रोखा लिहून घ्यावयाचा, असा परिपाठ पडला. कायदा ऋणकोच्या संरक्षणासाठी झाला आणि धनकोच्या हातचे हत्यार बनला.

परंतु शेतकरी सावकाराच्या दारी का गेला, हा प्रश्न याच्या आधीचा आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची मोजणी करून तीस वर्षांसाठी शेतसारा ठरवून दिला, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तीस वर्षांची मुदत संपली ती १८६० नंतरच्या दशकात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. पैसा खेळत होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मिळेनासे झाले. नेमक्या अशा वेळी नवी आकारणी आली आणि सारा कित्येक ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. सारा रोख भरावयाचा, ठरलेल्या हप्त्याला भरावयाचा, पीक येवो अथवा न येवो. रोख रक्कम खेड्यात एकाच माणसाकडे होती. म्हणजे सरकारचा सारा वेळेवर जमा होत होता तो सावकाराच्या तिजोरीतून, आणि शेतकऱ्याच्या नावावर चढत होता तो कर्ज म्हणून.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्येच या वाढीव आकारणीची चौकशी करून सरकारचे लक्ष वेधले होते. सरकारलाही चूक उमगली नव्हती असे नाही. १८७४ मध्ये मुंबई सरकारने फेरआकारणीतील वाढीवर मर्यादा घातली: तालुक्यासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६ टक्के आणि एका खातेदारासाठी १०० टक्के. ज्या मर्यादेत एका शेतकऱ्याचा सारा दुप्पट होऊ शकतो, ती मर्यादा दिलासा म्हणून जाहीर करावी लागली, यावरूनच मूळ आकारणीची कल्पना यावी.

दंगे शमल्यावर आयोग नेमला गेला. सरकारी साऱ्याचे प्रमाण हे असंतोषाचे कारण आहे काय, हे तपासण्याचे काम त्याच्याकडे होते. आयोगाने पुरावा गोळा केला आणि निष्कर्ष काढला की, दोष सरकारी मागणीचा नसून सावकाराचा आहे. १८७८ मध्ये हा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटसमोर गेला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने सावकाराच्या हुकूमनाम्याला वेसण घातली; आकारणीचे तत्त्व मात्र जागच्या जागी राहिले. शेतकऱ्याने ज्याच्यावर हात उचलला, त्याच्याचकडे सरकारनेही बोट दाखविले. दोघांचे या एका बाबतीत एकमत झाले, आणि साखळीचे वरचे टोक सुटले.

या उठावातील ही खरी शोकांतिका आहे. ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यावर राग निघतो. जो आकारणी ठरवितो त्याचा चेहरा दिसत नाही. त्यातून सावकार परप्रांतीय असला म्हणजे काम आणखीच सोपे होते. आर्थिक प्रश्नाला जातीपातीचा आणि परकेपणाचा रंग चढतो आणि मूळ हिशेब विचारावयाचा राहूनच जातो.

राग योग्य पत्त्यावर पोहोचला तेव्हा

सुप्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला. दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर या पट्ट्यातील माणसे हजारोंनी खडी फोडण्याच्या कामावर गेली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. काम मिळावे, मजुरी वेळेवर मिळावी, धान्य मिळावे यासाठी तालुक्या-तालुक्यांत मोर्चे निघाले. त्याच वेळी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. या आंदोलनांचे वैशिष्ट्य असे की, त्यांचा रोख केवळ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर राहिला नाही. साखर, रॉकेल, तेल यांचा पुरवठा कोण ठरवितो, दुष्काळी कामाचा दर कोण ठरवितो, हा प्रश्न त्यांनी थेट मंत्र्यांसमोर नेला.

त्याचे फळही मिळाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला मजुरांच्या रेट्यामुळे राज्यव्यापी रूप आले. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य ठरले. २००५ मध्ये केंद्र सरकारने देशासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्यापुढे होता.

संघटित कामगारांचा संघर्षही याच वर्षांतला. ८ मे १९७४ रोजी देशातील रेल्वे कामगारांनी संप पुकारला. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील या संपात लाखो कामगार उतरले आणि तो सुमारे तीन आठवडे चालला. दौंडसारख्या जंक्शनांच्या वसाहतींना त्या संपाची झळ काय होती, हे वेगळे सांगावयास नको. हजारोंना अटक झाली, सेवेत खंड पडला. संप मोडला, आणि जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून वाढीव पगाराची सर्व आणि वाढीव महागाई भत्त्याची अर्धी रक्कम सक्तीने ठेवीत वळती केली. चलनवाढ रोखण्यासाठी बाजारातील पैसा कमी करावयाचा, हे त्यामागील कारण सांगितले गेले. महागाई साठेबाजीमुळे वाढली, तेलाच्या जागतिक दरांमुळे वाढली, तुटीच्या अर्थकारणामुळे वाढली. पण ती रोखण्याची पहिली किंमत पगारदाराच्या पाकिटातून घेतली गेली, कारण ते पाकीट सरकारच्या हाताला सर्वांत जवळ होते.

डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून संपावर गेले. र. ग. कर्णिक हे त्या लढ्याचे प्रमुख नेते होते. हा संप ५४ दिवस चालला. या काळात कर्मचाऱ्यांनी एकजूट दाखविली, यात शंका नाही. परंतु खेड्यांतील माणूस या लढ्याकडे आपला लढा म्हणून पाहत नव्हता, हेही तितकेच खरे. त्याच्या दृष्टीने तलाठी आणि कारकून हेच सरकार होते.

ही दरी बुजलेली नाही, याचा प्रत्यय मार्च २०२३ मध्ये पुन्हा आला. जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक १४ मार्चपासून सात दिवस संपावर गेले. नेमका त्याच वेळी अवकाळी पाऊस झाला आणि नुकसानीचे पंचनामे रखडले. शेतकऱ्याचा राग निघाला तो संपावरील तलाठ्यावर. निवृत्तिवेतनाचे धोरण मंत्रालयात ठरले होते, पीकविम्याचे आणि नुकसानभरपाईचे निकषही वरच ठरले होते; परंतु शेतकरी आणि कर्मचारी एकमेकांकडे पाहत राहिले. १८७५ मध्ये जे स्थान सावकाराचे होते, ते येथे कारकुनाच्या वाट्याला आले. या दोघांच्या वर्तनात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साखळीतील त्यांची जागा मात्र सारखी आहे.

पगारपत्रकातील एक ओळ

या संदर्भात प्रत्येक शिक्षकाने आणि कारकुनाने आपल्या पगारपत्रकातील एक लहानशी ओळ काळजीपूर्वक वाचावी. ती आहे व्यवसाय कराची. हा कर महाराष्ट्रात १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. शहरातल्या आणि निमशहरातल्या पगारदाराने आपल्या वेतनातून थोडी रक्कम द्यावी, इतर काही करांवरील अधिभाराची त्यात भर पडावी, सरकारने तितकीच रक्कम स्वतः घालावी आणि त्यातून दुष्काळी भागातील मजुराला काम मिळावे, असा हा करार होता. दौंडच्या माध्यमिक शाळेतील शिक्षक आणि शिरूरच्या बंधाऱ्यावर माती वाहणारी बाई यांच्यात या एका ओळीने नाते जोडले. आपल्या करव्यवस्थेत इतका स्वच्छ हेतू क्वचितच लिहिलेला आढळेल.

परंतु या कराची रचना पाहा. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा प्रारंभी २५० रुपये ठेवली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये केली. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला पूर्ण २,५०० रुपये भरावे लागतात. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर २०२३ पासून सूट मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट. तथापि १५,००० रुपये मिळविणारा कंत्राटी शिपाई आणि दोन लाख रुपये मिळविणारा अधिकारी या दोघांना एकच रक्कम भरावी लागते, हे कोणत्या न्यायात बसते? ज्याची कुवत अधिक त्याने अधिक द्यावे, हे करआकारणीचे प्राथमिक तत्त्व आहे. येथे मर्यादेचे संरक्षण वरच्याला मिळते आणि तिचा भार खालच्यावर पडतो.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. ज्या कामासाठी हा कर सुरू झाला, त्या कामावर दरवर्षी किती रक्कम गेली, हे तो भरणाऱ्याला कोणी सांगते काय? कर्मचारी संघटनांच्या मागण्यांच्या यादीत भत्ता असतो, श्रेणी असते, निवृत्तिवेतन असते. व्यवसाय कराच्या विनियोगाचा हिशेब त्या यादीत अभावानेच दिसेल. हा प्रश्न संघटनांनी हाती घेतला असता, तर दुष्काळी भागातील मजूर आणि कर्मचारी एका व्यासपीठावर येऊ शकले असते. पंचनाम्याच्या प्रसंगी शेतकऱ्याने तलाठ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले असते.

चेहरा नाहीसा झाला तेव्हा

पगारपत्रकातील कर निदान दिसतो. बाजारातला कर दिसत नाही. विक्रीकर होता, २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला, १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला. नावे बदलली, किमतीत मिसळून जाण्याचा गुण कायम राहिला. आपण आयकर भरत नाही, म्हणून आपण करदाते नाही, अशी समजूत पाटसच्या बाजारातील मजुराची असेल तर नवल नाही. पुष्कळ सुशिक्षितांचीही तशीच आहे. वस्तुतः साबण, चप्पल, सायकलचा टायर विकत घेणारा प्रत्येक जण करदाता आहे, आणि आपल्या मिळकतीच्या मानाने तो श्रीमंतापेक्षा अधिक कर देतो, कारण त्याची जवळपास सारी मिळकत खर्चच होते. १९३० मध्ये मिठाच्या कराविरुद्ध सत्याग्रह झाला, वडाळा आणि शिरोडा येथे माणसांनी लाठ्या खाल्ल्या. किमतीत दडलेला कर चिमूटभर मिठातून उघड्यावर आणणे, हे त्या चळवळीचे एक मोठे यश होते.

रस्त्यावरील टोल हा तर कर या नावानेही ओळखला जात नाही. पाटसच्या नाक्यावरून जाणारा मालमोटारीचा चालक काय, भाजीचा टेम्पो नेणारा शेतकरी काय, त्यांना टोल ही एक उघड वसुली होती. खिडकीत बसलेल्या मुलाशी हुज्जत घालता येत होती. खरे तर तो मुलगाही आसपासच्या गावचाच, तुटपुंज्या पगारावर राबणारा. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि रक्कम खात्यातून परस्पर वळती होऊ लागली. रांगा कमी झाल्या, इंधन वाचले, हे मान्यच केले पाहिजे. पण वसुलीचा उरलासुरला चेहराही त्यामुळे नाहीसा झाला. रस्त्याला खर्च किती आला, वसूल किती झाला, वसुली किती वर्षे चालावयाची, हे विचारण्याची सवय आधीच थोडी होती. ती आता आणखी मोडेल, ही धास्ती अनाठायी नाही.

या बाबतीत कोल्हापूरचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. शहरातील रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या कष्टकऱ्यांच्या चळवळीत हयात घालविलेल्या नेत्यांनी विरोध संघटित केला. जानेवारी २०१४ मध्ये काही टोलनाके पेटविलेही गेले. पण नाके जळाल्याने टोल गेला नाही, वसुली पुन्हा सुरू झाली. रस्त्यांची कामे किती झाली, कशी झाली, त्यांचे खरे मूल्य किती, हा प्रश्न आंदोलनाने चिवटपणे धरून ठेवला. मूल्यांकन करणे सरकारला भाग पडले आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. नाका हे वसुलीचे ठिकाण होते. आकारणीचे मूळ कराराच्या कागदात होते, आणि आंदोलन शेवटी त्या कागदापर्यंत पोहोचले.

कागद जाळण्याऐवजी कागद मागणे

सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण तो त्याला वाचता येत नव्हता आणि वाचून दाखवा असे म्हणण्याचा अधिकारही त्याला नव्हता. आजच्या वाचकाची स्थिती तशी नाही. महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. ग्रामसभा आहे, संघटना आहेत, कागद वाचू शकणारे शिक्षक आणि कारकून गावोगावी आहेत. त्यांचे स्थान विलक्षण आहे. ते स्वतः करदाते आहेत, आणि ते कर टाळू शकत नाहीत, कारण तो पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. दुसरीकडे, सामान्य माणसाच्या दृष्टीने तेच वसुलीचा हात आहेत. साखळीच्या दोन्ही बाजू जाणणारा असा दुसरा वर्ग समाजात नाही.

म्हणून त्यांच्याकडून एक अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही. आपल्या संघटनेच्या पुढील अधिवेशनात भत्त्याच्या ठरावाबरोबर व्यवसाय कराच्या हिशेबाचा आणि त्याच्या न्याय्य फेररचनेचा ठराव त्यांनी मांडावा. शाळेतील मुलांना गणित शिकविताना एका साबणाच्या वडीत कर किती, हे काढावयास सांगावे. ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामाचा खर्च वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. कर नकोत, असे म्हणण्याचा हा मार्ग नव्हे. करांशिवाय शाळा चालणार नाही आणि बंधाराही बांधला जाणार नाही. जो देतो त्याला विचारण्याचा हक्क आहे, एवढेच यातून प्रस्थापित व्हावयाचे आहे.

पाटसच्या परिसरात पुढेही दुष्काळ पडतील, भाव कोसळतील, संप होतील, मोर्चे निघतील. जेथे माणसे राबतात आणि त्यांच्या घामातून राज्याचा खर्च चालतो, तेथे ते होणारच आणि व्हावेतही. मोर्चा तलाठ्याच्या कचेरीशी किंवा टोलनाक्याच्या खिडकीशी थांबतो की आकारणी जेथे ठरते त्या दारापर्यंत जातो, यावर त्याचे फलित अवलंबून राहील. सुप्याच्या शेतकऱ्यांना ते दार कोणी दाखविले नाही. आज ते दाखविणे हे लिहित्या-वाचत्या माणसांचे काम आहे.